धोतऱ्यापासून लघवीच्या गोळीपर्यंत



आजचा विषय आपल्या बचत गटाच्या बैठकीत उघडपणे कधी निघत नाही. हप्ते भरून होतात, सह्या-अंगठे होतात, रजिस्टर मिटतं, आणि मग एखादी काकू किंवा वहिनी बाजूला घेऊन हळूच विचारते, "ताई, मला लघवीची फार घाई होते. दार गाठेपर्यंतही दम निघत नाही. मेडिकलमध्ये यावर गोळी मिळते म्हणतात, घेऊ का?"

गोळी मिळते, हे खरं आहे. अनेकींना तिचा उपयोग होतो, हेही खरं आहे. पण ती गोळी कोणत्या घराण्यातली आहे आणि त्या घराण्याची रीत काय, हे कळलं तर तिच्याशी कसं वागायचं ते आपोआप कळतं. म्हणून आज मी तुम्हाला या गोळीच्या घराण्याचा इतिहास सांगणार आहे. तो सुरू होतो आपल्या बांधावरच्या धोतऱ्यापासून आणि वाटेत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातूनही जातो.

धोतरा तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. पांढरं किंवा जांभळं कर्ण्यासारखं फूल आणि काटेरी गोल फळ. महाशिवरात्रीला आपण तो महादेवाला वाहतो, पण खात नाही. लहान लेकरू त्या फळाला हात लावायला गेलं तर आजी लगेच हात झटकते. संस्कृतात धोतऱ्याच्या अनेक नावांपैकी एक नाव 'उन्मत्त' असं आहे. म्हणजे हा खाल्ला की माणूस भानावर राहत नाही, हे नाव ठेवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

गार्सिया द ऑर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही तो उपचाराला जात असे. इथल्या झाडपाल्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात धोतऱ्यावर एक प्रकरण आहे. धोतरा खाऊ घालून चोरी केल्याची हकीकत त्यात येते. असा माणूस हसत सुटतो, विचारलं एक तर उत्तर भलतंच देतो, आणि अंमल उतरला की शुद्धीवर येतो, असं त्याने नोंदवलं आहे.

पुढे इंग्रजांच्या काळात वाटमारे हीच युक्ती करत. प्रवाशाशी गोड बोलायचं, जेवणात किंवा मिठाईत धोतऱ्याचं बी कुटून घालायचं आणि गाठोडं घेऊन पसार व्हायचं. नॉर्मन शेव्हर्स या डॉक्टरचं न्यायवैद्यकावरचं पुस्तक १८५६ साली कलकत्त्यात निघालं. त्यात धोतऱ्याच्या विषबाधेवर बरंच लिहिलेलं आहे. या विषाने माणूस दर वेळी मरत नसे, पण त्याला धड सांगता येत नसे, म्हणून चोराचं फावत असे.

या सगळ्या जुन्या नोंदींतली लक्षणं एकसारखीच आहेत. तोंड आणि घसा कोरडा पडतो. कातडी तापते, पण घाम येत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि जवळचं अंधुक दिसतं. छाती धडधडते. लघवी अडकते. आणि माणूस बरळायला लागतो, नसलेल्या वस्तू हवेत पकडू पाहतो. ही यादी जरा लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत ती आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

युरोपात धोतऱ्याची एक चुलत बहीण उगवते, तिचं नाव बेलाडोना. इटलीच्या भाषेत याचा अर्थ सुंदर बाई. तिथल्या बायका या झाडाचा रस डोळ्यांत घालत, म्हणजे बाहुल्या मोठ्या होऊन डोळे टपोरे दिसत. झाडाचं शास्त्रीय नाव मात्र अॅट्रोपा असं ठेवलं गेलं. ग्रीक पुराणकथांत माणसाच्या आयुष्याचा धागा कात्रीने कापणारी एक देवी आहे, अॅट्रोपॉस. आपल्याकडे सटवाई कपाळावर लिहून जाते, तशी तिकडे ही धागा तोडून जाते. १८३१ साली माइन नावाच्या जर्मन औषधविक्याने या झाडातून शुद्ध औषध वेगळं काढलं. त्याचं नाव अॅट्रोपिन. धोतऱ्यातही हेच आणि याच्या जवळची द्रव्यं असतात. एकाच झाडाला सुंदर बाई आणि मरणाची देवी अशी दोन्ही नावं मिळाली. हे औषध थोडं घेतलं तर काम करतं आणि जास्त झालं तर घात करतं, ते या दोन नावांतच आलं.

पण ते शरीरात नेमकं करतं काय, हे कळायला आणखी नव्वद वर्षं लागली. ऑस्ट्रियात ऑटो लोवी नावाचे संशोधक होते. १९२१ साली त्यांचा प्रयोग छापून आला. त्यांनी बेडकाची दोन हृदयं धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाची नस चेतवून त्याची गती मंद केली. मग त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंद झालं. म्हणजे नस आपला निरोप काहीतरी रस सोडून पोचवते, हे सिद्ध झालं. त्या रसाचं नाव पुढे अॅसिटिलकोलिन असं ठरलं.

मैत्रिणींनो, नाव अवघड आहे, काम सोपं आहे. समजा, अवयव हे कुलूप आणि अॅसिटिलकोलिन ही किल्ली. किल्ली फिरली की तोंडाला लाळ सुटते, अंगाला घाम येतो, आतडी हलतात, आणि लघवीची पिशवी आकसून लघवी बाहेर पडते. मी लघवीच्या पिशवीबद्दल बोलते आहे, गर्भपिशवीबद्दल नाही. अॅट्रोपिन त्या कुलपात मेण भरतं. मग किल्ली आत जात नाही. लाळ आटते, घाम आटतो, आतडी सुस्तावतात आणि लघवीची पिशवी सैल पडते. धोतऱ्याची सगळी लक्षणं या एका गोष्टीतून येतात.

१९३६ साली ऑटो लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत गेरहार्ड श्रेडर नावाचा रसायनतज्ज्ञ किडे मारायचं औषध शोधत होता. त्याच्या हाती फॉस्फरसची अशी काही रसायनं लागली, की त्यातून पुढे युद्धातले विषारी वायूही झाले आणि शेतातली कीटकनाशकंही झाली. काम झालं की किल्ली कुलपातून काढून टाकणारा एक रस आपल्या शरीरात असतो. त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात. ही कीटकनाशकं त्यालाच बंद पाडतात. मग किल्ली फिरतच राहते. तोंडाला फेस येतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, दरदरून घाम फुटतो, उलट्या-जुलाब होतात, छातीत पाणी भरल्यासारखा दम लागतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि लघवी कपड्यातच होते. धोतऱ्याच्या अगदी उलट.

इथे ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात येते. २०१७ चा पावसाळा तुम्ही विसरला नसाल. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यात बोंडअळी. जुलैपासून पुढच्या तीन-चार महिन्यांत फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने दवाखान्यात आले. आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. सरकारला चौकशीसाठी विशेष पथक नेमावं लागलं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले होते. त्या फवाऱ्यांमध्ये निरनिराळी रसायनं मिसळलेली होती आणि सगळ्यांवर एकच उतारा चालत नाही. पण मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या फॉस्फरसच्या कीटकनाशकांवर जगभर पहिला उतारा एकच आहे, तो म्हणजे अॅट्रोपिन.

आपल्या भागात कीटकनाशकालाही औषधच म्हणतात. "औषध मारायला गेला" म्हणतात आणि "औषध घेतलं" असंही म्हणतात, आणि कोणतं औषध ते ऐकणाऱ्याला न सांगता समजतं. तेव्हा औषध हा शब्द दुधारी आहे, हे यवतमाळच्या बाईला वेगळं सांगायला नको.

विषबाधेच्या रोग्याला अॅट्रोपिन एकदाच देऊन चालत नाही. छाती मोकळी होईपर्यंत, नाडी सुधारेपर्यंत ते परत परत द्यावं लागतं आणि सतत बघावं लागतं. थोडं जास्त झालं की रोगी बरळायला लागतो, चादर ओढतो, पळून जायला बघतो, अंग तापतं आणि लघवी अडकून नळी घालावी लागते. म्हणजे धोतऱ्याची तीच जुनी यादी. म्हणून डॉक्टर आणि सिस्टर दर थोड्या वेळाने रोग्याला तपासतात. औषध देणं हे निम्मं काम, दिल्यावर बघत राहणं हे उरलेलं निम्मं.

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. लघवीची पिशवी निरोगी असेल तर ती भरेपर्यंत शांत राहते आणि भरली की आकसते. काही जणींची पिशवी भरायच्या आधीच आकसायला लागते. अचानक अशी घाई येते की थांबताच येत नाही. दिवसात अनेक वेळा जावं लागतं, रात्री उठावं लागतं, कधी वाटेतच कपडे ओले होतात. हा त्रास पुरुषांनाही होतो. इंग्रजीत याला ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात, आपण उतावळी पिशवी म्हणू. हे नाव १९९७ च्या सुमारास रूढ झालं आणि २००२ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली. याच काळात नव्या गोळ्याही बाजारात येत होत्या. नाव मिळाल्याने बायकांना बोलता आलं, हा फायदा झाला. त्याच नावाने गोळ्याही खपल्या, हेही ध्यानात ठेवायला हवं.

गोळीमागची कल्पना सरळ होती. अॅट्रोपिनने पिशवी सैल पडते, तर त्याच्याच जातीचं पण सौम्य औषध करावं. ऑक्सिब्युटिनिन हे औषध आधी पोटातल्या कळांसाठी वापरलं गेलं होतं. १९७५ साली अमेरिकेत त्याला लघवीच्या त्रासासाठी परवानगी मिळाली. १९९८ मध्ये टॉल्टेरोडिन आलं, २००४ मध्ये सोलिफेनासिन आणि डॅरिफेनासिन आली. प्रत्येक नव्या गोळीचा प्रयत्न एकच होता, की पिशवीच्या कुलपात मेण जावं आणि बाकीच्या कुलपांत कमी जावं. थोडं यश आलं. तरी तोंड कोरडं पडणं, पोट साफ न होणं, डोळ्यांना अंधुक दिसणं हे पूर्ण गेलं नाही. निम्म्याहून जास्त लोक ही गोळी वर्षभरात सोडून देतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. काहींना गुण येत नाही, काहींना कोरड सहन होत नाही.

आणि त्या जुन्या यादीतली शेवटची गोष्ट, बरळणं, तिचं काय? म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ती परत आली, फक्त हळूहळू आणि कुणाला न कळता.

मेंदूतही तीच कुलपं आहेत. आठवण ठेवायला, ध्यान द्यायला ती लागतात. १९९१ साली अमेरिकेत मार्क बीअर्स या डॉक्टरांनी म्हाताऱ्या माणसांना जपून द्यायच्या किंवा न द्यायच्या औषधांची यादी केली. ती आजही दर काही वर्षांनी सुधारून निघते आणि या घराण्यातली औषधं तिच्यात ठळकपणे आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल शहराकडचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरच्या ३,४३४ लोकांवर सरासरी सात वर्षं लक्ष ठेवलं होतं. या घराण्याची औषधं ज्यांनी जास्त प्रमाणात आणि वर्षानुवर्षं घेतली, त्यांच्यात स्मृतिभ्रंश जास्त आढळला. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ५८ हजारांहून जास्त स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या नोंदी तपासल्या, त्यात लघवीच्या गोळ्यांचाही असाच संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे गोळीनेच रोग झाला, असं सिद्ध होत नाही. पण वयस्कर माणसाला अशी गोळी देताना दोनदा विचार करावा, एवढं त्यातून नक्की निघतं.

सर्वांत बोलकी गोष्ट कॅनडातली आहे. विसरभोळेपणावर डोनेपेझिल नावाची एक गोळी देतात. ती आपल्या कोलिनेस्टरेजला बंद करते, म्हणजे फॉस्फरसचं कीटकनाशक करतं तेच काम, पण अगदी मोजून-मापून. त्यामुळे आठवण थोडी सुधारू शकते, पण किल्ली जास्त फिरल्याने काहींना लघवीची घाई सुरू होते. ओंटारियो प्रांतात स्मृतिभ्रंशाच्या ४४,८८४ रोग्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवणीची गोळी घेणाऱ्यांना पुढे लघवीची गोळीही जास्त वेळा लिहून दिलेली आढळली. म्हणजे एका गोळीने किल्ली फिरवायची आणि दुसऱ्या गोळीने कुलूप बंद करायचं. पहिल्या गोळीचा त्रास हा नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी, असं ते चालत राहतं.

जाणत्या संस्थांनाही आपली वाट बदलावी लागली. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणारी नाइस नावाची संस्था आहे. २००६ मध्ये तिने स्वस्त साधं ऑक्सिब्युटिनिन आधी द्यावं, असं सांगितलं होतं. २०१३ मध्ये तिनेच सांगितलं, की अशक्त म्हाताऱ्या बायकांना ते साधं ऑक्सिब्युटिनिन देऊ नका. सात वर्षांत सल्ला फिरला, कारण दिल्यावर काय होतं ते लोकांनी बघितलं आणि मान्य केलं.

आपल्या घरात हे कसं दिसतं? सासूबाई साठी-सत्तरी ओलांडलेल्या. लघवीची गोळी सुरू होते. महिन्याभरात त्या रात्री उठून दार शोधतात, नातवाला भलत्याच नावाने हाक मारतात, जेवले की नाही ते विसरतात. घरात एकच शब्द निघतो, म्हातारचळ लागला. बस, मग कुणी डॉक्टरकडे नेत नाही. खरंच वयाचा परिणाम असू शकतो. पण गोंधळ गोळी सुरू झाल्यावर आला असेल, तर तो गोळीचा असू शकतो, आणि डॉक्टरांनी गोळी बदलली किंवा थांबवली तर माणूस परत पहिल्यासारखा होऊ शकतो. ही शक्यता न तपासता एखाद्या बाईला वेडी ठरवणं, हा तिच्यावर मोठा अन्याय आहे.

दुसऱ्या घराण्याची एक गोळी आता मिळते, मिराबेग्रॉन. २०११ मध्ये ती जपानात आणि २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. ती मेण भरत नाही, वेगळ्या वाटेने पिशवी सैल करते. त्यामुळे तोंडाची कोरड कमी आणि मेंदूवरचा भार कमी. पण तिचीही एक अट आहे. ती रक्तदाब वाढवू शकते. २०१५ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी बजावलं, की वरचा बीपी १८० किंवा खालचा बीपी ११० किंवा त्याहून वर असून आटोक्यात नसेल तर ही गोळी देऊ नये, आणि देण्याआधी व दिल्यावरही बीपी मोजत राहावा. किडनी किंवा लिव्हर कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते.

आता या इतिहासातून आपल्या कामाचं काय निघतं, ते बघू.

पहिलं, गोळीच्या आधी कारण शोधायचं. लघवी सारखी होते म्हणजे उतावळी पिशवीच असेल असं नाही. साखर वाढली तरी लघवी सारखी होते. जळजळ असेल, ज्याला आपण उन्हाळी लागली म्हणतो, तर लघवीत जंतू असू शकतात. बीपीच्या काही गोळ्याच लघवी जास्त करवतात. अंग बाहेर येत असेल, मुतखडा असेल, तर उपचार वेगळा. म्हणून लघवीची आणि साखरेची तपासणी आधी. लघवीतून रक्त गेलं, ताप आला, लघवी अडकली किंवा पायातली ताकद गेली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

दुसरं, गोळीच्या आधी सवय. नाइसचा सल्ला आहे, की आधी निदान सहा आठवडे पिशवीला शिस्त लावून बघा. घाई आली की लगेच न धावता थोडं थांबायचं, दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं. सोबत लघवी रोखून धरतो ते स्नायू आवळायचे आणि सोडायचे. हा व्यायाम अमेरिकेच्या अर्नोल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडला. त्याला पैसा लागत नाही आणि तो बसल्या जागी होतो. चहा कमी केला तरी पुष्कळींना फरक पडतो. पाणी मात्र तोडायचं नाही. शेतात आडोसा नाही म्हणून निंदणाला, वेचणीला जाताना पाणीच न पिण्याची आपल्याला सवय लागली आहे. त्याने लघवी घट्ट होऊन पिशवीला आणखी जाचते.

तिसरं, गोळी लागलीच तर डॉक्टरांनी काय विचारायला हवं, ते आपल्याला माहीत असावं. डोळ्याला काचबिंदू आहे का? मेण भरणाऱ्या गोळीने काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. लघवी करूनही पिशवीत उरते असं वाटतं का? तसं असेल तर लघवी पूर्ण अडकू शकते, आणि पुरुषांत प्रोस्टेट वाढलेली असेल तर हे जास्त बघावं लागतं. पोट साफ होतं का? विसरायला होतं का? आणि सर्वांत महत्त्वाचं, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत? कारण या घराण्याची माणसं भलत्याच वेशात घरात असतात. सर्दी-खाजेची सीपीएमची गोळी, पोटाच्या कळांवरची डायसायक्लोमिनची गोळी, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिनची गोळी, ही सगळी थोडं थोडं मेण भरतात. एकेकटी चालून जाते, तिघी एकत्र आल्या की म्हातारं माणूस बरळायला लागतं.

चौथं खास आपल्या विदर्भासाठी. या गोळ्यांनी घाम कमी येतो. अंग थंड ठेवायला घामच लागतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा अशी गोळी घेऊन भर उन्हात काम केलं तर उष्माघाताचा धोका वाढतो. गोळी लिहून घेताना डॉक्टरांना सांगायचं, "मी दिवसभर उन्हात असते." हे आपण सांगितल्याशिवाय चिठ्ठी लिहिणाऱ्याला कसं कळणार?

पाचवं, गोळी सुरू केल्यावर चार आठवड्यांनी परत दाखवायचं. मात्रा कमीपासून सुरू होते आणि गुण यायला काही आठवडे लागतात. चार आठवड्यांनी गुण किती आणि त्रास किती याचा हिशोब करायचा, जसा आपण महिन्याचा जमाखर्च करतो. गुण नसेल तर डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलतील. चालू राहिलीच तर वर्षातून एकदा, आणि वय ७५ च्या वर असेल तर दर सहा महिन्यांनी, ही गोळी अजून हवी का, हे विचारायचं. तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं गोळी आणत राहायची नाही. शेजारणीची गोळी तर मुळीच घ्यायची नाही. आणि दम्याला धोतऱ्याचा धूर किंवा दुखण्याला धोतऱ्याचं बी, हे घरचे प्रयोगही बंद. बियाची मात्रा कुणालाच मोजता येत नाही.

हे सगळं बोलण्यावर अवलंबून आहे, आणि आपण बोलत नाही. आपल्या विदर्भातल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. ती १९८९ साली लॅन्सेट या साप्ताहिकात छापून आली आणि जगभर गाजली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक रोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बायका सोसत होत्या आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. लघवीच्या त्रासाचंही तसंच आहे. लग्नाला जायचं टाळलं जातं, एसटीचा प्रवास टाळला जातं, रात्रीची झोप मोडते, पण तोंडातून शब्द निघत नाही.

म्हणून गटांनी एवढं करावं. या महिन्याच्या बैठकीत हप्ते झाल्यावर रजिस्टर मिटायच्या आधी पाच मिनिटं या विषयाला द्यावी. घरातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, सरकारी, खासगी, मेडिकलवाल्याने दिलेली, वैद्याची पुडी, सगळं एका थैलीत भरून ठेवावं. दवाखान्यात जाताना ती थैली सोबत न्यावी आणि डॉक्टरांसमोर ओतावी. वाचता येत नसेल तर आशाताईंना किंवा गटातल्या शिकलेल्या मुलीला सोबत घ्यावं. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा, "साहेब, यातल्या किती गोळ्या कोरड पाडणाऱ्या आहेत?"

धोतऱ्याचं फूल आपण देवाला वाहतो आणि लेकरांपासून दूर ठेवतो. हा मान आणि ही सावधगिरी, दोन्ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्याच्या घराण्यातली गोळी घरात आली, तर तिलाही तेवढाच मान द्या आणि तेवढीच सावधगिरी बाळगा.